रेनेचं पान

लोर्ना आतेने दार उघडलं की "हॅलो" नाही, "जेवलीस का?" पोस्टमनला तेच, मीटर बघायला आलेल्या माणसालाही तेच. तो बिचारा गोंधळून "आय'म ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'माझं छान चाललंय', म्हणायचा आणि वाटीभर भात खाऊनच सुटायचा. त्यांच्यात थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन ती फिलिपिन्सला परत गेली, पण आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या डून लेरीत आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये ती होती तोवर मी कधी उपाशी झोपले नाही.

पहिल्या भेटीत मात्र तिने वाटी पुढे केली आणि मी "शाकाहारी आहे" म्हणत दोन पावलं मागे सरकले. तिच्याकडे भाजीतसुद्धा माशाचं खारं पाणी पडायचं. ती रागावली नाही. "मग अंडं उकडू?" एवढंच म्हणाली.

पुढे तिचा नवरा रेने हृदयविकाराने गेला. तो जहाजावर स्वयंपाकी होता. व्हिनेगर, सोया सॉस, लसूण आणि तमालपत्र घालून शिजवलेलं डुकराचं मांस, म्हणजे अडोबो, हा त्याचा हातखंडा पदार्थ. तो गेल्यावर आतेने मांस, मासे, अंडी, दूध सगळंच सोडलं. "जन्मभर वॉर्डात लोकांना पथ्य सांगितलं आणि घरी त्याला वाढत राहिले," म्हणायची. पण आईच्या हातचे पदार्थ सोडायला ती तयार नव्हती. माशाच्या पाण्याऐवजी इथल्या किनाऱ्यावरचं वाळवलेलं शेवाळ उकळायची, मांसाच्या जागी डब्यातला कच्चा फणस. पहिले दोन अडोबो पार फसले. तिसऱ्याला मला हाक आली. मी दोनदा भात घेतला, तरी ती म्हणाली, "लगेच मत देऊ नकोस. अडोबो दुसऱ्या दिवशी बोलायला लागतो."

तिला एकच घोर होता. रेनेचं वर्ष जवळ आलं होतं आणि त्यांच्यातही गेलेल्या माणसाचं ताट वाढून ठेवतात. "तो म्हणायचा, डुकराशिवाय अडोबो म्हणजे नुसतं लोणचं. हे कसं ठेवू त्याच्यापुढे? उपाशी उठेल गं."

इथे मी नको तिथे तोंड उघडलं. आमच्यात पानाला कावळा शिवला की माणूस तृप्त झाला असं समजतात, हे कौतुकाने सांगून बसले. आतेने ते मनावर घेतलं.

वर्षाच्या दिवशी दुपारी तिने मागच्या भिंतीवर ताट ठेवलं. धुराड्यावर तीन कावळे होते. अर्धा तास झाला तरी ढिम्म हलेनात.

"तुमच्यात नाही शिवला तर?" तिने विचारलं.

खोटं बोलवेना. बाबांच्या दहाव्याला मला जाता आलं नव्हतं. फोनवर बघत होते. कावळा शिवलाच नाही, शेवटी दर्भाचा करून शिववला. बाबांचं मन माझ्यात अडकलं होतं, असं तेव्हापासून मला खात होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं.

आतेने एप्रनला हात पुसले. "मग गेलेल्याला काही कबूल करतात का?"

"करतात. त्याचं काय राहिलं असेल ते."

ती भिंतीकडे वळून तिच्या भाषेत काहीतरी बोलली. मग माझ्यासाठी इंग्रजीत, "त्याला सांगितलं, ओट्याशी उभ्याने एकटी जेवणार नाही. वरची मुलगी रोज येईल." मला विचारलंसुद्धा नाही.

तेवढ्यात छपरावरून भलामोठा सीगल झेपावला. फणसाची फोड चोचीत धरून समुद्राकडे उडाला, ताट खाली पडून फुटलं.

आते घाबरून म्हणाली, "हा चालतो का?"

"जहाजावरच्या माणसाला कावळा कशाला शिवेल?"

"ग्रँड," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मीही रडले. "आधी जेव, मग रड," तिने नेहमीप्रमाणे दटावलं आणि आत गेली.

ती दुसरं ताट घेऊन आली. "तुझे बाबा काय खायचे?"

"शुद्ध शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा नाही."

"मग बरं झालं," भिंतीवर ताट ठेवत ती म्हणाली. "आता ते माझ्याकडे जेवू शकतात."

मी कावळ्याची वाट पाहिली नाही. आम्ही दोघी आत जाऊन जेवायला बसलो.