डेल्मरचा हिरवा ट्रक आणि काळी तार

आमच्या नॉर्थ डकोटात मे महिन्यात हातात ब्रश आला की माणूस थांबत नाही. कोठार, कुंपण, टपालपेटी, जे जे एका जागी उभं आहे ते रंगतं. डेल्मर टॉर्गर्सनची बायको आर्डिस अंगणात जरा जास्त वेळ उभी राहिली तर तो तिलाही रंगाचा एक हात मारेल, असं गाव म्हणतं. पन्नास वर्षांच्या संसारात ती अजून तरी कोरी राहिली आहे.

यंदा डेल्मरने आपला पस्तीस वर्षांचा ट्रक हिरवा केला आणि तेव्हापासून तो वाटेत बंद पडू लागला. गावाने सुचवलेला एकेक भाग त्याने बदलला, तरी तेच. शेवटी ट्रक रेल्वेच्या रुळांवर थांबला, आर्डिस आत असताना. ती उतरली, चालत घरी आली आणि तिने भंगारवाल्या कर्टिसला फोन केला, "शनिवारी बाराला ये. घेऊन जा."

शनिवारी सकाळी मी गेलो, तर डेल्मर गॅरेजच्या फरशीवर तपकिरी कागद पसरून रंगीत पेन्सिलींनी ट्रकमधल्या तारा काढत होता.

"हा इंजिनाचा कॉम्प्युटर," तो स्वप्नात बोलल्यासारखा म्हणाला. "म्हातारा डॅशबोर्डमागे अंधारात बसलाय. बाहेरचं काही दिसत नाही बिचाऱ्याला. ही पिवळी तार सांगते, पाणी किती तापलं. निळी सांगते, हवा किती आली. आणि ही धूर हुंगून चहाड्या करते."

"म्हणजे आपल्या गावातली लोरेन," मी म्हणालो.

"लोरेनच. सगळ्यांचं ऐकून मग हा ठरवतो, पेट्रोल किती सोडायचं."

उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगत होती. डेल्मरचं बोट एकेका तारेवरून होडीसारखं संथ जायचं. मध्येच त्याचे डोळे मिटायचे. झोपला की मुक्कामाला पोहोचला, कळत नसे.

आर्डिस रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या घेऊन आली. "अकरा वाजले. चित्र छान झालंय. ट्रक गेला की भिंतीवर लावू."

"एकच काळी तार राहिली," डेल्मर म्हणाला. "ही बातम्या आणत नाही. कॉम्प्युटरमधली वीज हिच्यातून ट्रकच्या पत्र्यात उतरते आणि बॅटरीकडे परत जाते."

त्याने बॉनेट उघडलं. काळी तार इंजिनामागच्या पत्र्यावर एका बोल्टखाली आवळलेली होती. मीटरचं एक टोक त्याने तारेला लावलं, दुसरं बॅटरीला. काटा हलला. हलायला नको होता. वीज वाटेत अडत होती.

त्याने बोल्ट काढला. तारेच्या कडीखाली रंगाचे गुळगुळीत, हिरवे, तीन हात. रंगातून वीज धड जात नाही.

"इथेसुद्धा रंगवलंस?" आर्डिसने विचारलं.

"बोल्ट काढून रंगवलं. नाहीतर कडेला जुना रंग दिसला असता."

"कोणाला दिसला असता, डेल्मर?"

"मला."

चाकूने तो रंग खरवडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. खालचा पत्रा चकाकला, कडी घट्ट बसली, आणि कर्टिस साखळी घेऊन आत आला तेव्हा इंजिन सुरू झालं होतं. आम्ही चौघंही ऐकत उभे राहिलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ते थांबेचना.

"वाईट नाही," कर्टिस म्हणाला. आमच्याकडे यापुढचं कौतुक नाही. साखळी त्याने परत गुंडाळली.

"पुढच्या शनिवारपर्यंत राहू दे," आर्डिस म्हणाली. डेल्मर आमच्याच गावचा, इथल्या मोजक्या बोलण्याचा अर्थ जाणणारा. ट्रक जन्मभर राहिला, हे त्याला कळलं.