वरच्या मजल्यावरचा गोलकीपर

त्या वर्षी आमच्या घरात फुटबॉल आला तो वरच्या मजल्यावरून, वासाच्या वाटेनं.

पुण्याच्या खराडीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं असेल. मी तिथल्याच एका आयटी कंपनीत होते. काम अमेरिकेतल्या ग्राहकांच्या वेळेवर चालायचं, त्यामुळे दुपारी घर सोडायचं आणि परत यायला उशीर. आई नागपूरहून कायमची माझ्याकडे आली होती. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिनं सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली. बाबा गेले, मग ती निवृत्त झाली, आणि एकुलती एक मुलगी म्हणून मी तिला इकडे घेऊन आले. जन्मभर भरलेल्या वॉर्डात वावरलेल्या बाईला मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून बसवलं होतं. आसपासची दारं दिवसभर बंद. ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला "जेवण झालं का?" म्हणून विचारायची आणि माणसं दचकायची.

आमच्या डोक्यावरचा फ्लॅट एका फुटबॉल क्लबनं आपल्या खेळाडूंसाठी भाड्यानं घेतला होता. वास तिथूनच यायचा. एक दिवस लिफ्टशेजारी सोसायटीची सूचना लागली: "काही सभासदांच्या स्वयंपाकाचा सुगंध इतरांना फुकट मिळत आहे. एवढा दानशूरपणा करू नये."

आईनं सूचना वाचली, मान वर करून एकदा वास घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर वाळवलेली भाजी शिजून राहिली. आपण हरभऱ्याचा पाला नाही का वाळवत? तसंच काहीतरी आहे बाप्पा." आणि मी नको नको म्हणत असताना ती जिना चढून वर गेली.

दार उघडणाऱ्या उंच मुलाला वाटलं, बाई भांडायला आल्या. तो आधीच माफी मागू लागला. तो सिक्कीमचा होता, क्लबचा गोलकीपर, चोवीस-पंचवीसचा. मोहरीचा पाला आंबवून वाळवायचा आणि त्याचं पातळसर कालवण करायचं, ही त्याच्या घरची पद्धत. पाला त्याच्या आईनं पाठवला होता. माझ्या आईनं नागपुरी हिंदीत त्याला सांगितलं की माफी राहू दे, थोडी भाजी दे, मी करून बघते.

तिनं ती केली, पण नागपुरी हातानं, म्हणजे भरपूर तिखट घालून. दुसऱ्या दिवशी तो चव बघायला आमच्याकडे आला आणि पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तरी वाटी संपवली. निघताना त्याचं लक्ष हॉलमधल्या बुद्धमूर्तीकडे गेलं. तो थांबला, हात जोडले.

"तुमच्याकडे पण?" त्यानं आश्चर्यानं विचारलं.

"हमारे यहाँ भी क्या, हमारे यहाँ ही!" आई म्हणाली.

त्या दिवसापासून ती त्याची 'आमा' झाली. त्यांच्याकडे आईला आमा म्हणतात. सराव आटोपून तो दुपारी खाली यायचा, मी कामावर निघायच्या सुमारास. ती दोघं काय बोलायची देव जाणे, पण मी फोन केला की आईचा आवाज हसरा असायचा. माझ्या मनावरचं एक ओझं त्या मुलानं न सांगता उचललं होतं.

मग कप सुरू झाला. देशभरातले संघ आणि सगळे सामने बाद फेरीचे. आईनं त्याला विचारलं, "हरलात तर?"

"तर बॅग भरायची, आमा. पुढच्या रविवारी भरून काढू, असं यात नसतं."

"म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीसारखंच की," आई म्हणाली. तिला खेळ तेवढ्यावरच समजला.

गोलकीपर सामन्याआधी बोटांना चिकटपट्टी बांधतात. क्लबचा माणूस ते काम करायचाच, पण पहिल्या सामन्याच्या दिवशी आईनं सहज त्याची दोन बोटं बांधून दिली आणि ते जिंकले. मग काय, दर वेळी तो खाली हजर. बुद्धासमोर क्षणभर उभा राहायचा आणि खुर्चीत बसून शाळकरी मुलासारखे दोन्ही हात पुढे करायचा. आई चष्मा लावून पट्टी गुंडाळायची. दुसरा सामनाही जिंकले. आई मला डबा देताना समोरच्या संघाच्या बचावफळीबद्दल बोलायला लागली.

तिसऱ्या सामन्याला ते बाहेरगावी गेले होते. जिंकून परत आले, आता उपांत्य सामना पुण्यातच होता, बालेवाडीला. मी शनिवारी घरी होते. तो आला, नेहमीसारखा बसला, पण एकच हात पुढे केला.

"आमा, आज सरावासाठी बांधून द्या. डावं करंगळीशेजारचं. जरा घट्ट."

आईनं हात हातात घेतला. बोट सुजून काळंनिळं झालं होतं. तिनं अंगठ्यानं एका जागी हलकेच दाबलं. त्यानं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण खुर्चीखाली पाय आखडले. आईनं पाहिलं ते पायांकडे.

"कोणाला दाखवलंस?"

"कोणाला नाही. नुसतं मुरगळलंय."

"हे मुरगळलेलं नाही. फोटो काढावा लागेल."

"सामन्यानंतर काढतो. आमा, उपांत्य फेरी आहे. मी आत्ता बोललो तर माझ्या जागी दुसरा उभा राहील. एकदा उभा राहिला की मग राहिला."

"आणि हे बोट असंच वाकडं जुळलं तर? पुढची दहा वर्षं कशानं बॉल धरशील?"

"घट्ट बांधा. एवढंच मागतोय तुमच्याकडे."

आईनं पट्टीची गुंडाळी मांडीवर ठेवली. "नाही बांधणार. कोचला तू सांग."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्हाला माहीत नाही इथवर यायला काय लागतं ते." दार आपटलं नाही त्यानं. हळूच ओढून घेतलं, ते जास्त लागलं.

आई त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, "आई, तो मोठा आहे, त्याचं तो बघेल." ती म्हणाली, "वॉर्डात सगळे मोठेच असायचे." रविवारी सकाळी चहा झाल्यावर तिनं मला रिक्षा करायला सांगितली.

सरावाचं मैदान फार लांब नव्हतं. जाळीच्या कुंपणाबाहेर आम्ही दोघी उभ्या राहिलो. तो गोलात होता. त्यानं स्वतःच बोट बांधून घेतलेलं असणार, ग्लोव्हजमध्ये काही दिसत नव्हतं. एकामागून एक फटके येत होते आणि तो झेपावत होता. मला तर सगळं ठीकच वाटलं. आई मात्र जाळीला धरून म्हणाली, "डाव्या बाजूचं सगळं उजव्या हातानं अडवून राहिला."

एक फटका डावीकडे खाली आला. त्यानं हात घातला आणि चेंडू गेल्यावर तसाच कुशीवर पडून राहिला. उठताना त्याला आम्ही दिसलो. आईनं हात केला नाही. नुसती उभी होती, फिक्या निळ्या साडीत, पर्स पोटाशी धरून. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याचे सोबती हाका मारायला लागले. मग तो गोल सोडून मैदान ओलांडून कोचपाशी गेला, दातांनी ओढून डावा ग्लोव्ह काढला आणि हात पुढे केला.

हाड तडकलेलं निघालं. प्लास्टर घातलं. तो खाली यायचा बंद झाला.

उपांत्य सामन्याचे पास त्यानं आम्हाला आधीच दिलेले होते. मला वाटलं, आता जायला नको. आई म्हणाली, "न जायला काय झालं? भांडण माझ्याशी आहे, फुटबॉलशी नाही." मी सुट्टी काढली आणि शहराच्या या टोकाहून त्या टोकाला आम्ही बालेवाडीला गेलो.

तो राखीव खेळाडूंच्या बाकावर ट्रॅकसूट घालून बसला होता. प्लास्टर घातलेला हात मांडीवर. त्याच्या जागी उभा राहिलेला गोलकीपर त्याच्याहून लहान होता आणि इतका घाबरलेला की आम्हाला वरून दिसत होतं. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. आईनं डोळे मिटून घेतले. "मला फक्त सांग," म्हणाली. मी सांगत गेले. गेला. गेला. बाहेर. गेला. शेवटचा फटका त्या लहान गोलकीपरनं पायानं अडवला आणि सगळं मैदान उसळलं. बाकावरचे सगळे धावत सुटले. तो क्षणभर बसूनच राहिला. एकटा, त्या लांबलचक बाकावर.

मग तोही उठला आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून पळत गेला. सगळ्यांच्या मागून पोचला, पण त्या मुलाला उचललं मात्र त्यानंच, एका हातानं.

"पळाला बघ," आई म्हणाली. तिचे डोळे आता उघडे होते आणि वाहत होते.

अंतिम सामना दुसऱ्या राज्यात होता. संघ गेला, त्याला नेलं नाही. रविवारी संध्याकाळी सामना टीव्हीवर होता. आई वर गेली. मी जिन्यातून ऐकत होते.

"आमचा टीव्ही मोठा आहे," आई म्हणाली.

मग त्याच्या चपला वाजल्या.

आम्ही तिघं सोफ्यावर बसलो, आई मध्ये. तो टीव्हीतल्या गोलकीपरला त्याच्या भाषेत सूचना करत होता. पुढे ये, मागे हो, असं असावं. दुसऱ्या सत्रात समोरच्या संघानं गोल केला, डाव्या कोपऱ्यात, जमिनीलगत. तो एकच गोल. सामना संपला, समोरचे कप घेऊन नाचायला लागले, तेव्हा आईनं आवाज बंद केला.

"तू असतास तर अडवला असतास?" तिनं विचारलं. मला वाटलं, असं कशाला विचारावं! पण तिची सवय तशीच होती, दुखतं तिथंच बोट ठेवायची.

त्यानं खरंच विचार केला. "कदाचित," म्हणाला. "कदाचित नाही. माहीत नाही, आमा."

"मलाही माहीत नाही," आई म्हणाली. "हे मला जन्मभर माहीत होणार नाही. राग आहे?"

"होता. अजून आहे थोडा." मग त्यानं नाक पुसलं. "माझी आई तिथं असती तर कुंपणाबाहेर उभी राहिली नसती. काठी घेऊन आत आली असती."

आई हसली, मग तोही हसला, आणि मी उठून कुकर लावला, कारण मला तिथं बसवेना.

प्लास्टर निघाल्यावर बोट वळेना. आईनं त्याला रोज कणीक मळायला लावली. आमच्या घरी त्या काळात चपात्या जाड, वेड्यावाकड्या आणि प्रेमळ असायच्या. हळूहळू मूठ पूर्ण मिटायला लागली. पुढच्या हंगामात तो पुन्हा खेळला, पण नियमित नाही. त्या लहान गोलकीपरनं जागा धरली ती धरलीच, आईला बोट दाखवताना त्यानं भाकीत केलं होतं तसं. दोनेक वर्षांनी क्लबच बंद पडला. मालकांना दुसऱ्या कशात रस वाटू लागला असावा. वरचा फ्लॅट रिकामा झाला. आमचा गोलकीपर आधी ईशान्येतल्या एका संघाकडे गेला, मग गावी परतला आणि मुलांना शिकवू लागला.

त्याच्या लग्नाला आम्ही गेलो. आईनं आयुष्यात पहिल्यांदा विमान आतून पाहिलं, आणि खिडकीची जागा मलाच दिली, "तू बघ, मी देवाचं नाव घेते" म्हणून. आमच्यात देव नाही, हे ती त्या दोन तासांत विसरली होती.

त्याचं घर उतारावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई माझ्या आईला गुंफेकडे घेऊन निघाली. म्हणजे त्यांच्या विहाराकडे. वाट चढणीची होती. ती बाई तुरुतुरु चढायची, मग लक्षात आलं की थांबायची आणि हात पुढे करायची. माझी आई मराठीत बोलत होती, ती तिच्या भाषेत. मध्येच दोघीही एकदम बोलायच्या आणि कोणीच थांबायची नाही. आम्ही मागून चालत होतो.

"काय बोलत असतील?" त्यानं मला विचारलं.

"तुझ्या तक्रारी," मी म्हटलं.

वळणावर दोघी एका दगडावर बसल्या. त्याच्या आईनं कमरेला गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यातून भाजलेला मका काढला, अर्धा मोडला आणि माझ्या आईच्या हातात दिला. आईनं तो खाल्ला, आणि खाली दरीकडे बघत, अगदी शांतपणे, तिला विचारलं, "जेवण झालं का?"