नट माझा, पाना माझा

कर बुडवणारी माणसं या देशात पुष्कळ असतील आणि निमूटपणे भरणारीही असतील, पण कराशी भांडायला स्वतःचा पाना घेऊन शोरूमला जाणारा माणूस एकच आहे आणि दुर्दैवानं तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा कळसचे. ऊस, दोन म्हशी आणि पांढरीशुभ्र टोपी एवढा त्यांचा उघड संसार. छुपा संसार म्हणजे खताच्या गोणीची मामींनी शिवून दिलेली पिशवी. तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे पाने, पक्कड, चिकटपट्टी आणि कुठल्या गाडीची हे आता देवही सांगू शकणार नाही अशी एक साखळी. नात्यात कुणी मोटारसायकल घेतोय अशी कुणकुण लागली की मामा ती पिशवी खांद्याला अडकवून एसटीत बसलेच म्हणून समजा. बोलावणं यायची वाट त्यांनी कधी पाहिली नाही.

गैरसमज नको. मामा लबाड नाहीत. इंदापुरात एका दुकानदारानं हळूच सुचवलं, "बिल नको असंल तर कमी करतो." त्याला मामांनी भर दुकानात असं फैलावर घेतलं की गिऱ्हाइकं चपला न घालता बाहेर पडली. गाडीवरचा कर मामा मानतात. "रस्त्यानं जायचं तर रस्त्याचं पैसं नगं द्याला?" असं त्यांचं सरळ म्हणणं. गार्ड, साडी गार्ड, सीट कव्हर यांच्यावरचा करही ते कुरकुरत का होईना पण मानतात, कारण वस्तू हातात येते. घोडं अडतं ते बिलाच्या तळाशी. तिथं 'फिटिंग लेबर' अशी एक ओळ असते आणि तिच्यावर अठरा टक्के असतात. ती ओळ दिसली की मामांची टोपी मागं सरकते. "नट माझा, पाना माझा, मनगाट माझं. मग ह्यात सरकार कुठनं आलं?"

मी बँकेतला माणूस. कर्तव्य म्हणून एकदा समजावायला गेलो, "मामा, तो सेवेवरचा कर असतो." मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आमी कवा सेवा मागितली?"

बारामतीच्या त्या शोरूममध्ये मामांना सगळे ओळखतात. ते दारात दिसले की मॅनेजर आधी चहा सांगतो, मग घाम पुसतो. "मामा, पॅकेजमध्ये फिटिंग फ्री आहे हो!" "फुकाट कोण कुणाला देतंय? मग तेवढं पैसं कमी करा." पैसे कमी होत नाहीत तेव्हा मामा पॅकेज नाकारतात, सगळं सामान खोक्यातच घेतात, कोरी करकरीत गाडी समोरच्या लिंबाखाली ढकलत नेतात आणि पिशवी उघडतात. मॅनेजर काचेआडून ओरडतो, "वॉरंटी जाईल!" मामा खालूनच सांगतात, "गाडीची जाईना का. माझी हाय की."

मामांच्या वॉरंटीचा लाभ मीही घेतला आहे. माझ्या गाडीला त्यांनी मोठा हॉर्न बसवला. वायर कुठली कुठं गेली ते त्यांनाच ठाऊक, पण डावीकडचा इंडिकेटर लावला की तो उघडझाप करील त्या तालात हॉर्न वाजायचा. भिगवण चौकात मी डावीकडं वळू लागलो की लोक लग्नाची वरात आली म्हणून बाजूला व्हायचे. तक्रार घेऊन गेलो तर मामा म्हणाले, "वळताना हॉर्न वाजवायचाच असतो. तुमी इसरत असाल, गाडी इसरत न्हाय." मी उजवीकडून वळसा घालून बँकेत जायला शिकलो.

त्यांच्या कामाची आणखी एक खूण होती. काम संपलं की एखाददुसरा नट हटकून उरायचाच. "कंपनीवालं जादाच घालत्यात," म्हणून मामा तो सदऱ्याच्या खिशात टाकत. मामी धुणं धुताना ते नट काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जमवत. "ह्या बरणीतनं एक आख्खी गाडी हुईल बगा," असं त्या आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

पण खरी सही म्हणजे गार्ड. मामांनी बसवलेला पुढचा गार्ड कधीही सरळ नसतो. तो डावीकडं झुकतो. फार नाही, माणूस पान खाऊन गालात धरतो तेवढाच. पिंपळीच्या एका भाच्यानं धीर करून विचारलं तर उत्तर मिळालं, "आपल्याला डावीकडनंच चालायचं असतंय, म्हणून तसं बसीवलंय." मामींनी पूजेचा नारळ त्याच गार्डवर फोडला. नारळाचे चार तुकडे झाले, गार्ड जागचा हलला नाही. "वाकडा असंल, पण घट हाय," मामा म्हणाले आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. कोऱ्हाळ्याला एका लग्नात मांडवाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. तिच्यातले झुकलेले गार्ड बघून एक अनोळखी म्हातारा म्हणाला, "कळसच्या मामाची भाचरं आल्याली दिसत्यात." आम्हांला आडनाव सांगावंच लागलं नाही.

मध्यंतरी मोटारसायकलींवरचा कर उतरला. गावभर आनंद झाला. मामा मात्र टीव्हीसमोर तोंड पाडून बसले होते. "गाडीवरचा उतरला, पान्यावरचा हाय तिथंच," म्हणाले आणि उठून म्हशींकडं गेले.

त्याच सुमारास त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा, मग सदऱ्यावर. डॉक्टरांनी वयाचं म्हणून सांगितलं. मामांनी ते मनावर घेतलं नाही, पण नात्यातल्या पोरांनी घेतलं. ती गुपचूप गाड्या घेऊ लागली, पूजा आटोपल्यावर पेढे पाठवू लागली. पिशवी कळसला खुंटीवर लटकून राहिली.

आमच्या मुलीला एमआयडीसीत नोकरी लागली आणि तिनं मोटारसायकल घ्यायची ठरवली. बायकोनं मला बजावलं, "मामाला कळू देऊ नका. पोरगी हायवेनं जाणार आहे." मी कळू दिलं नाही. सगळी फिटिंग शोरूममध्येच झाली, बिलाच्या तळाची ती ओळही आम्ही भरली. गाडी दारात लागली आणि हळदकुंकू वाहतोय तोवर फाटक वाजलं. टोपी, पिशवी, मामा. कुणी सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही.

मामांनी गाडीला एक फेरी मारली. गार्डवरून हात फिरवला. तो ओळंब्यात होता.

"सरळ बसलाय," ते म्हणाले. "ब्येस केलं."

भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बिल मागितलं नाही, करावर अवाक्षर काढलं नाही. पिशवी दाराशी ठेवली आणि आत येऊन पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. बायको चहा देताना त्यांच्याकडं बघेना. मला फार वाईट वाटलं. या माणसाला आम्ही आमच्या घरात एका घटकेत परका करून टाकलं होतं.

मुलगी मात्र जागेवर नव्हती. खिडकीतून पाहिलं तर ती गाडीपाशी उकिडवी बसली होती आणि हातात मामांचाच पाना होता. माझ्याकडं बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाली, "आजोबा, गार्ड खडखडतोय."

मामा ताडकन उठले. "बघा! अठरा टक्के घेत्यात आन नटसुदीक पिळत न्हाईत!" चहा तसाच राहिला. पुढं बराच वेळ अंगणात शोरूमचा, सरकारचा आणि माझ्या बँकेचाही उद्धार चालला होता. हात थरथरत होते. पाना नटावरून घसरला की मुलगी तो पुन्हा बसवायची आणि त्यांच्या हातावर हात ठेवून दोघं मिळून आवळायची. काम झालं. गार्ड डावीकडं झुकला. बायको पदर तोंडाला लावून आत पळाली, ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मामांना स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढताना ते हळूच म्हणाले, "जावईबापू, नट सैल करणारीचं मनगाट चांगलं हाय. पाना पण पुसून जाग्यावर ठिवला, पर उलटा ठिवला." मग दांडा धरून म्हणाले, "पिशवी ऱ्हाऊ द्या तिच्याकडं. मला काय वझं वाहायला जमत न्हाय आता." आणि ते मोकळ्या खांद्यानं खिडकीशी जाऊन बसले. पिशवीशिवाय ते मला फार लहान वाटले.

ती पिशवी आता आमच्या दारामागं असते आणि घरभर युरियाचा वास येतो. परवा सर्व्हिसिंगला मुलीबरोबर मीही गेलो होतो. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, गार्ड वाकडा बसलाय, सरळ करून देऊ? लेबर थोडंसंच होईल."

"नको," ती म्हणाली. "त्याच्यावर टॅक्स लागतो."