चढणीवरचं विमान

संगणकावरच्या हवाई लढाईच्या खेळात मी हट्टाने तेच जुनं, दणकट विमान घेतो. गोळ्या कितीही खाईल, पण वर चढायचं म्हटलं की धापा टाकतं. काल समोर डोंगर होता आणि मागे शत्रू. पंखाला भोकं पडत होती. नाक जरा जास्त उचललं असतं, तर वेग मरून विमान कोसळलंच असतं. मी खुर्चीतच पुढे झुकलो, घाटात दमलेल्या स्कूटरवर झुकतो तसा.

"अहो, झुकून विमान चढतं होय?" मागे उभी असलेली बायको हसली.

नाही चढत. पण ज्याच्यावर जीव आहे ते चढाला लागलं, की आपलं अंग ऐकत नाही.

शिखर पोटाखालून कसंबसं निसटलं. मी वळून पाहिलं. बायको टाचा उंचावून, श्वास रोखून उभी होती.