निळ्या धुराची जीप

माझी धूर ओकणारी जुनी स्कूटर बिदरच्या स्टँडवर लावून मी रोज ज्या जीपनं हुलसूरला जातो, तिच्या ड्रायव्हरचं नाव मला ठाऊक नाही. जीपचं झिजलेलं इंजिन ऑइल प्यायचं आणि निळा धूर सोडायचं. एके सकाळी त्यानं चपला काढल्या, बॉनेट उघडलं आणि लेकराला पाजावं तसं बाटलीतलं धूर थांबवायचं घट्ट औषध ऑइलमध्ये ओतलं.

"म्हातारीचा खोकला थांबतोय बघा, अण्णा."

थांबला. पण फाट्यांवर माणूसच दिसेना. शेवटी एका दारापुढं जीप उभी करून त्यानं विचारलं, "कामून येईना झालात, अक्का?"

"लांबून धूर दिसला की घरातून निघताव आम्ही. आता तू आलास, हे कळावं कसं?"

उरलेली बाटली त्यानं माझ्या हातात ठेवली. "तुमच्या स्कूटरीत घाला, अण्णा. तिची कुणी वाट बघत न्हाई."