लुमेनबाईचा पहिला विषय

लुमेन दुमलाओचं डोकं तापायला वेळ लागत नसे, आणि त्या दिवशी तर कारण समोरच छापलेलं होतं. गावच्या कॉलेजात पर्यावरणाची बाजू मांडायला शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू व्हायचा होता, आणि आखणीच्या बैठकीला गावकऱ्यांतर्फे तिला बोलावलं होतं. सहावी शिकलेली, मासळी सुकवून विकणारी बाई. पण डोंगरावर निकेलची खाण आली, नदी तांबडी झाली, तेव्हापासून चौदा वर्षांत तिनं एकही सुनावणी चुकवली नव्हती.

तिनं एकच मागितलं होतं: पहिल्या सहामाहीत पोरांना खाणीचे कागद वाचायला आणि मुदतीत हरकत घ्यायला शिकवा. नव्या मसुद्यातून तो विषय उडाला होता. त्या जागी वृक्षारोपण आणि पोस्टर स्पर्धा.

"माझा विषय कुठं गेला, सर?"

डीन क्रिसांतो गोड बोलणारे गृहस्थ; लुमेनला 'नानाय', म्हणजे आई, म्हणायचे. "नानाय, पुढं बघू की. पोरांना आल्या आल्या भांडायला कशाला शिकवायचं? शिवाय नवी इमारत खाणवालेच बांधून देतायत."

"मग झाडं लावणार कुठं? डोंगर तर तेच खरवडून नेतायत."

एकदोघं हसले. डीनही हसले, आणि लुमेनच्या अंगाचा तिळपापड झाला. चोराच्याच हाती तिजोरीच्या चाव्या द्यायच्या, आणि वर हसायचं!

तेवढ्यात पान्सितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, बशा आल्या आणि मागोमाग हजेरीचा कागद. मान म्हणून तो आधी लुमेनपुढं ठेवला गेला. खाण यायची होती तेव्हाही अशीच सभा झाली होती. लोकांनी शेवया खाल्ल्या, हजेरीच्या सह्या केल्या, आणि महिन्याभरानं त्याच सह्या गावाची संमती म्हणून खाणीच्या अर्जाला जोडलेल्या निघाल्या. पहिली सही लुमेनचीच होती. त्याबद्दल तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

"सही करा ना," डीन म्हणाले. "गावाशी चर्चा झाल्याचा पुरावा लागतो. त्याशिवाय वरून मंजुरी येत नाही."

"करते की."

कागदाच्या माथ्यावर तिनं ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'आम्ही आलो होतो. आम्हाला हे मान्य नाही. कागद वाचायचा विषय परत घाला.' खाली सही केली.

डीनचा चेहरा उतरला. "हा खराब झाला. दुसरा आणतो."

"आणा. त्यावरही हेच लिहीन."

शेजारी जोवी बसली होती, कॉलेजातली हंगामी शिक्षिका. तिची नोकरी डीनच्याच हातात. तिनं खालमानेनं पेन घेतलं आणि लुमेनच्या नावाखाली सही केली. मग कागद पुढं सरकला. टेबलाला वळसा घालून तो परत आला तेव्हा त्यावर अकरा नावं होती.

"नानाय, हा असा मी वर पाठवू कसा?"

"नका पाठवू," लुमेन उठत म्हणाली. "गाव आलंच नव्हतं, असं कळवा. मग बघा मंजुरी मिळते का."