सहावं रीळ

“मशीन गरम झाली!” एवढं म्हणून मामा प्रोजेक्टरचा दिवा बंद करत आणि तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा मशीनवर हात ठेवत. पाच मिनिटांनी सिनेमा पुन्हा सुरू होई, तोवर अंधारात फिल्म बरीच पुढे सरकलेली असे. मशीन नेमकी कधी तापते, हे त्यांचे दोन-तीन सिनेमे पाहिले असते तर तुमच्याही ध्यानात आलं असतं. पडद्यावर कोणी मरायला टेकलं, की तापायची. कुंभार पिंपळगावात सिनेमातली आई कधी मेली नाही, ती केवळ मामांच्या कृपेने.

मी तिथल्या शाळेत इंग्रजीचा नवा मास्तर होतो. मामा, सगळं गाव त्यांना मामाच म्हणे, भाड्याने सिनेमे आणून शाळांतून दाखवत. परदेशी सिनेमा असला, की माइकवर मराठीत सांगायचं काम माझं. आता माझं इंग्रजी पुस्तकातलं. गोऱ्या नटांच्या तोंडचं मला ओ की ठो कळत नसे. पडद्यावरचा राजा दोन मिनिटं बोलला, तरी मी म्हणायचो, “राजा म्हणतो, बघू.” लोक म्हणत, सर थोडक्यात पण बराबर सांगतात. मी फुगायचो.

मामांची मुलगी नुकतीच बारावी झाली होती. तिला पोलिसात जायचं होतं. बापाच्या कॅनव्हासच्या बुटांत पुढे कापूस कोंबून ती रोज सकाळी सडकेने पळायची. पण घरात शब्द चाले तो मामांच्या थोरल्या भावाचा, दादांचा. शेत एक, चूल एक. आणि मामा म्हणजे मशीन घेऊन हिंडणारा धाकटा. दादांनी हसनाबादचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. भरतीच्या आधी बार उडवायचा, असं त्यांचं ठरलं होतं.

“दादाला तोंडावर म्हणायची आपली छाती न्हाई, सर,” मामा म्हणाले. “पण सिनेमा तर दाखवता येतो ना?”

त्यांनी हुडकून आणलेला सिनेमा शेकडो वर्षांपूर्वीच्या गोष्टीचा होता. खेड्यातली एक पोर, देवाचा हुकूम झाला म्हणून चिलखत चढवते, घोड्यावर बसते, हरलेलं सैन्य घेऊन निघते आणि राजाला गादीवर बसवते. इथवर पाच रिळं. सहाव्यात तिलाच पकडतात, पाखंडी ठरवतात आणि जिवंत जाळतात.

“सहावं डब्यातून काढायचंच न्हाई,” मामांनी मला बजावलं. “राजा गादीवर बसला, की सिनेमा खलास. पुढचं कोणाला बोलू नका, सर.”

“बिलकुल नाही,” मी म्हणालो.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या. दादा पुढे खुर्चीवर. पोरीने किल्ल्याला शिडी लावली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाण लागूनही ती परत उठली तेव्हा दादा खुर्चीच्या कडेला सरकले. राजा गादीवर बसला. मामांनी मशीन बंद केली, सतरंज्या निघाल्या. मामांची मुलगी भिंतीला टेकून काकाच्या तोंडाकडे बघत होती.

“खमकी हाय पोरगी,” दादा म्हणाले. “पुढं काय झालं मंग तिचं, सर?”

माइक माझ्या हातात होता. समोर दोनशे माणसं. आणि पुढची सगळी हकीकत मला पुस्तकातून तोंडपाठ! मी सुरू झालो. खटला, खांब, लाकडं, धूर. बायका पदर डोळ्याला लावू लागल्या तसा मला आणखी चेव आला.

“मशीन गरम झाली, सर,” मामा मागून म्हणाले.

“मशीन तर बंद आहे, मामा!” मी माइकवरूनच सांगितलं. सगळा हॉल हसला. मशीन बंद होती, माझं तोंड चालू होतं. पोरीची पुरती राख करूनच मी थांबलो.

दादा उठले. रागावले असते तर बरं झालं असतं. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, “लोकांसाठी लढली, अन् लोकांनीच जाळली. न्हाई बाई, तुला न्हाई असं पाठवायचं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, “दादा, ती फार जुन्या काळची गोष्ट आहे.”

“मंग तवापासून माणसं सुधारली का, सर? तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा.”

मी चहा प्यायलो आणि परत आलो.

वाटेत मामांची मुलगी भेटली. “सर, ते जाळल्याचं खरंच हाय?”

“खरं आहे.”

“मंग ठीक हाय. मला वाटलं, तुमच्या मनचं सांगितलं.”

पंधरा दिवसांत लग्न झालं. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर मला उत्तर तरी जुळवता आलं असतं. मशीन त्यांनी विकून टाकली.

पुढच्या भरतीच्या वेळी मी जालन्याला काही कामाने गेलो होतो. मैदानाच्या तारेला हात धरून मामा उभे दिसले. आत पोरी पळत होत्या.

“कोणी ओळखीचं आहे का?” मी विचारलं.

“न्हाई. ती पिवळ्या ओढणीवाली बघा, चांगली पळून राह्यली.”

तेवढ्यात पिवळ्या ओढणीवाली पडली. “उठ बाई, जल्दी उठ!” मामा ओरडले. तिला ते ऐकू गेलं नसावं, पण ती उठली. ती आतून पळू लागली तसे मामाही तारेच्या बाहेरून तिच्या बरोबरीने चालू लागले, मग धोतराचा सोगा धरून भराभर, मग जवळजवळ पळतच. तार संपून जिथे भिंत लागते, तिथे ते थांबले.